उतार कुठे आहे? : टेबलावरची रणभूमी आणि नियमांचा अर्थ

गेल्या व्याख्यानानंतर चहाच्या वेळी एका ताईंनी विचारलं, "सर, तुमच्याकडे टेबलावर सैनिक मांडून तुम्ही चार-पाच ज्येष्ठ नागरिक तासन्‌तास भांडत असता म्हणे. खरं का?" खरं आहे. मात्र आम्ही सैनिकांवरून भांडत नाही, जमिनीवरून भांडतो. जमिनीवरून भांडणं आपल्याकडे काही नवीन नाही. आमची जमीन सहा फूट बाय चार फूट आहे, एवढाच फरक. पण याच भांडणात आमची तीस वर्षांची एक मैत्री जवळजवळ तुटली होती, म्हणून हा विषय वाटतो तितका पोरकट नाही. आज त्यावरच बोलू.

आधी खेळ काय तो सांगतो. इतिहासातली एखादी लढाई घ्यायची, तिची भूमी टेबलावर उभी करायची, बोटाच्या पेराएवढे सैनिक पट्ट्यांवर चिकटवून पलटणी करायच्या आणि दोन बाजूंनी खेळायचं. पुढे किती सरकायचं ते मोजपट्टीनं ठरतं, गोळी लागली की नाही ते फाशानं. बुद्धिबळाशी याचं नातं आहे, पण लांबचं. बुद्धिबळात चौसष्ट घरं असतात आणि सगळी सारखी. उंटाला तिथे चिखल लागत नाही, घोड्याला चढ लागत नाही. म्हणून 'हे घर म्हणजे नेमकं काय?' असा प्रश्न बुद्धिबळात कोणी विचारत नाही. आमच्या टेबलावर तो दर दहा मिनिटांनी येतो.

प्रशियात राइसविट्झ नावाच्या गृहस्थांनी १८१२ साली राजाला असा खेळ दाखवला. त्यात घरं नव्हती, जमिनीचे उठावदार तुकडे होते आणि ते हवे तसे जुळवता येत. पुढे त्यांच्या मुलानं १८२४ साली तोच खेळ १:८००० प्रमाणाच्या नकाशावर आणला, त्याची नियमावली छापली, आणि मुख्य म्हणजे दोन खेळाडूंच्या मध्ये एक पंच बसवला. सैन्यानं तो प्रशिक्षणासाठी उचलला. १९१३ मध्ये एच. जी. वेल्स या कादंबरीकारानं 'लिटल वॉर्स' लिहून हाच प्रकार घराच्या फरशीवर आणला. राइसविट्झला पंच का बसवावा लागला, हा आमच्या दृष्टीनं या इतिहासातला सगळ्यात मोलाचा प्रश्न आहे. नियम इतके बारीक लिहिले होते, मग वर आणखी माणूस कशाला?

याचं उत्तर शोधायला प्रशियात जायची गरज नाही. दिवाळीत कुळगावातल्या कुठल्याही सोसायटीच्या आवारात जा. पोरं किल्ला करतात. दगड, विटा, त्यावर पोतं, पोत्यावर माती, मातीत अळीव पेरलेले. चार दिवसांत अळीव उगवतात आणि किल्ल्यावर रान माजतं. मग मावळे मांडतात. बाजारातला मावळा बुरुजापेक्षा उंच असतो, महाराज तर दरवाजातून आत जाणारच नाहीत इतके मोठे. कुठल्याही पोराला याचं काही वाटत नाही, कारण मावळा हा तिथे एकाच वेळी दोन गोष्टी असतो. तो मातीचा चार इंची तुकडा आहे, आणि गडावरचा माणूसही आहे. पोरांचं त्यावाचून अडत नाही, कारण त्यांना त्यावरून हार-जीत ठरवायची नसते.

आमचं अडतं. आमच्या टेबलावर प्लास्टिकचं एक झाड उभं असतं. ते झाड म्हणजे अख्खं रान. चार झाडं मांडली की तो डोंगराच्या पायथ्याचा दाट पट्टा झाला. आता तुमची पलटण त्या झाडाला टेकली, पण रानाची हद्द म्हणून खाली घातलेल्या हिरव्या कापडावर चढलेली नाही. ती रानात आहे की बाहेर? कापड खरं की झाड खरं? आणखी एक गंमत. समोरची तोफ 'दिसते' की नाही, हे ठरवायला काही जण खाली वाकून, सैनिकाच्या डोक्याच्या उंचीवर डोळा नेऊन बघतात. पण सैनिकाची उंची एका प्रमाणात असते आणि जमीन दुसऱ्याच प्रमाणात. पेरभर उंचीचा शिपाई ज्या टेबलावर उभा आहे, तिथे एक इंच म्हणजे पंचवीस-तीस पावलं. त्या प्रमाणात तो शिपाई कित्येक मजली इमारतीएवढा उंच होईल. त्याच्या डोळ्यांनी बघितलं तर सगळंच दिसणार! यावर आमचा निवाडा ठरलेला आहे: झाड ही खूण आहे, कापड ही जमीन आहे. झाड आड आलं तर उचलून बाजूला ठेवा. नियमात जिथे 'रान' लिहिलंय, तिथे ते खुणेबद्दल बोलत नाही, खुणेनं दाखवलेल्या गोष्टीबद्दल बोलतं.

इथपर्यंत सोपं आहे. अवघड पुढे आहे, कारण शब्दालाच कडा नसतात.

आमच्याकडच्या नियमावल्या बहुतेक इंग्रजी. त्यात जमिनीचे प्रकार इंग्लंड-फ्रान्सच्या शेतशिवारावरून घेतलेले. शेत म्हटलं की मोकळी जमीन, कुंपण म्हटलं की आडोसा, वन म्हटलं की वेग निम्मा. आता आम्हाला उंबरखिंड खेळायची होती. फेब्रुवारी १६६१, कारतलबखान घाटावरून कोकणात उतरतोय आणि शिवाजी महाराजांनी त्याला खिंडीत कोंडला. इथून खोपोली काही फार लांब नाही. पावसाळ्यात त्या बाजूला आपल्यापैकी कित्येक जण फिरायला जातात. तिथल्या उतारावर कारवी माजते. कारवीला झाड म्हणाल का? झुडूप म्हणाल. इंग्रजी नियमावलीत झुडपांना 'किरकोळ अडथळा' असा दर्जा. पण कारवीच्या जाळीत जो शिरलाय त्याला विचारा. पुरुषभर उंच, काठ्यांची दाटी, दोन हातांपलीकडचं दिसत नाही. शब्दाप्रमाणे झुडूप, गुणाप्रमाणे दाट रान.

तेच भाताच्या खाचराचं. नियम म्हणतो शेत मोकळं. आमच्या गावाकडची माणसं हसतील. आषाढात चिखलणी झालेल्या खाचरात तोफ नेऊन दाखवा. तेच खाचर माघात वाळून टणक होतं, त्यावर घोडा दौडेल. अडसर राहतो तो फक्त बांधांचा. मराठीत जमिनीला किती शब्द आहेत बघा: माळ, सडा, कातळ, घळ, नाळ, ओहोळ, पाणंद, राई, जाळी. प्रत्येक शब्दात तिथून चालायला किती त्रास होईल हे आधीच मोजलेलं आहे. आम्ही नियम मराठीत आणायला बसलो तेव्हा लक्षात आलं की 'वूड्स'ला एक प्रतिशब्द देऊन भागत नाही. राईतून वाट असते, जाळीतून नसते.

शब्दाच्या या उघड्या कडेवर गेल्या शतकात पुष्कळ चर्चा झाली. वाइसमान या तत्त्वज्ञानं १९४५ साली दाखवलं की अनुभवातल्या वस्तूंची आपली कुठलीही व्याख्या सर्व बाजूंनी बंद करता येत नाही. उद्या काय समोर येईल ते आज माहीत नसतं. हार्ट या कायदेपंडितानं १९५८ मध्ये एक साधं उदाहरण घेतलं. बागेत वाहन आणायला मनाई आहे. मोटार चालणार नाही हे उघड. पण चाकाचे बूट? खेळण्यातली मोटार? हार्टचं म्हणणं असं की शब्दाला एक पक्का गाभा असतो आणि भोवती संधिप्रकाश. त्याच वर्षी फुलरनं उलट विचारलं: समजा युद्धाचं स्मारक म्हणून चौथऱ्यावर एक लष्करी ट्रक बसवला, तर तो गाभ्यात की संधिप्रकाशात? ट्रक आहे, चालू स्थितीत आहे, तरी नियम त्याच्यासाठी नाही असं सगळ्यांना वाटतं. मग नुसत्या शब्दाकडे बघून भागतं कसं? नियम कशासाठी केला, हे आधी बघावं लागतं.

आता आमचं मत सांगतो. या वादात आपल्या मीमांसकांची शिदोरी जास्त उपयोगी पडते. यज्ञाचे विधी लावताना त्यांच्यापुढे हेच प्रश्न होते. म्हामहोपाध्याय काणे यांनी धर्मशास्त्राच्या इतिहासात या पद्धतींचा मोठा परामर्श घेतला आहे. दोन-तीन नमुने देतो.

एक घरगुती दृष्टान्त. आई मुलाला सांगते, कावळ्यांपासून दही सांभाळ. मांजर आलं आणि मुलगा स्वस्थ बसला. म्हणाला, तू कावळे म्हणालीस. असा मुलगा कोणाच्या घरात नको. कावळा हा तिथे नमुना आहे, दही खाणारे सगळे अभिप्रेत आहेत. आमच्या इंग्रजी नियमात 'हेज'मागच्या पलटणीवर निम्म्या गोळ्या धरा असं आहे. आपल्याकडे हेज नाही, दगडी गडगा आहे, निवडुंगाची वई आहे. इथे हेज हा कावळा.

दुसरा. सोमयागात पेला पुसावा असं सांगितलंय, एकवचनात. एकच पुसायचा? मीमांसक म्हणतात, नाही, सगळे. पुसण्याचा हेतू पेला स्वच्छ करणं आहे, त्याची संख्या सांगण्याचा तिथे उद्देशच नाही. आमच्या एका मित्रानं एकदा गंभीर चेहऱ्यानं युक्तिवाद केला होता: "नियमात 'नाल्यातून तोफ नेता येणार नाही' असं आहे. माझ्या तीन तोफा आहेत." त्याला आम्ही जैमिनी सांगितला. तोफा अर्थातच ऐलतीरावर राहिल्या.

आणि तिसरा, जो आम्हाला स्वतःलाच वेळेवर आठवला नाही. खडे माखून ठेवावेत, असा विधी आहे. कशानं माखून? तेलानं, तुपानं, पाण्यानं? विधी गप्प. जैमिनी सांगतो, संशय आला तर वाक्याचा उरलेला भाग बघा. पुढेच तुपाची स्तुती आहे, म्हणजे तुपानं. नियमाचा अर्थ नियमाच्या शेजारी ठेवलेला असतो, हा त्यातला मुद्दा.

आता ती मैत्रीची गोष्ट.

असईची लढाई, २३ सप्टेंबर १८०३. जालना जिल्ह्यात खेळणा आणि जुई या दोन नद्या जवळ येतात, त्यांच्या मधल्या चिंचोळ्या पट्ट्यात शिंदे-भोसल्यांची फौज, जवळपास शंभर तोफा, पोलमन या अधिकाऱ्याच्या हाताखाली कवायती पायदळ. समोर आर्थर वेलस्ली, पुढचा ड्यूक ऑफ वेलिंग्टन. तोफांसमोरून खेळणा ओलांडणं म्हणजे मरण. वाटाड्यांनी सांगितलं, खाली दुसरा उतार नाही. वेलस्लीनं बघितलं की नदीच्या अलीकडे एक गाव आहे, पिंपळगाव, आणि बरोबर समोर पलीकडे दुसरं, वरूड. त्यानं अनुमान केलं: दोन गावं नदीच्या दोन काठांवर इतकी समोरासमोर वसली आहेत तर त्यांच्यात जा-ये असणारच, म्हणजे उतार असणारच. माणूस पाठवून खात्री केली. उतार होता. फौज पार झाली. न्यायशास्त्र शिकवताना आम्ही वर्षानुवर्षं पर्वतावरचा धूर आणि अग्नी सांगत आलो. त्यापेक्षा हे उदाहरण चांगलं होतं, पण निवृत्तीनंतर सापडलं.

हीच लढाई आम्ही टेबलावर मांडली. आमचे एक मित्र, ज्यांचं आयुष्य भूमापनात गेलं, ते वेलस्लीच्या बाजूनं. पंच आम्ही. आमच्याच घरच्या नियमावलीत आम्हीच लिहिलं होतं: नदी फक्त उतारावरून ओलांडता येईल, उतार मांडणीच्या वेळी दाखवावेत. त्या दिवशी मांडणीत एकच उतार दाखवला होता, तोफांसमोरचा. दोन्ही गावं मात्र टेबलावर होती. मित्र म्हणाले, "मी इथे दोन स्वार पाठवतो, उतार शोधायला. फासा टाकू. नाही मिळाला तर एक फेरी वाया." प्रतिपक्ष म्हणाला, "दाखवलेला नाही म्हणजे नाही." आम्ही नियम वाचला, दोनदा वाचला, आणि निर्णय दिला: नाही.

मित्रांनी वाद घातला नाही. दाखवलेल्या उतारानं गेले, तोफांपुढे अर्धी फौज गेली, चहा यायच्या आत खेळ संपला. त्यांनी आपली पेन्सिल आणि चष्म्याचं घर उचललं आणि सात महिने आले नाहीत. फोन केला की पत्नी उचलायच्या, "झोपलेत" म्हणायच्या. सकाळी अकरा वाजता.

आम्ही चुकलो होतो. कुठे, ते नीट सांगायला हवं, कारण 'नियम मोडून दया दाखवायला हवी होती' असं आमचं म्हणणं नाही. आमच्या त्याच नियमावलीतली पुढची ओळ अशी होती: मांडणीनंतर कोणाला उतार आठवल्यास तो ग्राह्य नाही. हा वाक्याचा उरलेला भाग! तो कशासाठी होता? अडचणीत आल्यावर कोणी "अरे, इथे उतार होता की" असं फुकटात म्हणू नये, म्हणून. मित्रांनी उतार आठवला नव्हता. ते शोधायला निघाले होते, किंमत मोजून, फसण्याची तयारी ठेवून. 'दाखवावेत' या शब्दात आम्ही दोन वेगळ्या गोष्टी एक करून टाकल्या: उतार आहे की नाही, आणि उतार कोणाला माहीत आहे की नाही. नकाशा दुसऱ्या गोष्टीबद्दल बोलतो. पहिल्या गोष्टीबद्दल नदी बोलते.

आपल्या उल्हास नदीचंच घ्या. नकाशावर ती बारा महिने एकाच जाडीच्या निळ्या रेषेनं काढलेली. मार्गशीर्षात तिच्यातले खडक मोजता येतात. आणि २७ जुलै २०१९ ला महालक्ष्मी एक्स्प्रेस बदलापूर-वांगणीच्या मधे पाण्यात अडकली, हजारभर प्रवासी बोटींनी बाहेर काढावे लागले. त्या दिवशी नदी कुठे होती? पाटबंधारेवाले यासाठी दोन रेषा आखतात, पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची निळी आणि शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची लाल. त्या रेषांचा अर्थ लावून इथे माणसं कर्ज काढून घरं घेतात. 'शंभर वर्षांतून एकदा' याचा अर्थ 'आपल्या हयातीत नाही' असा लावणारे आम्हाला भेटलेत. तसा तो नाही; दर वर्षी शंभरात एक एवढी शक्यता, आणि ती यंदाही असते. असो, हा वेगळ्या व्याख्यानाचा विषय.

डीबीए नावाची एक छोटी नियमावली १९९० साली आली, तिच्यात याची सुंदर सोय आहे. नदी किती खोल हे आधी ठरवायचंच नाही. पहिलं पथक पाण्यात पाय घालतं तेव्हा फासा टाकायचा, आणि तेव्हा कळतं की ओहोळ आहे की दरी. सेनापतीला जे माहीत नसतं ते खेळाडूलाही माहीत नसतं.

हे मान्य केलं तरी आमच्या प्रतिपक्षाची बाजू अगदीच पोकळ नव्हती. तो म्हणाला, "वरूडचा उतार आपल्या सगळ्यांना पुस्तकातून माहीत आहे. वेलस्लीनं जुगार खेळला. हे जुगार न खेळता त्याचं फळ मागतायत." बरोबर आहे. इतिहास माहीत असणं हीच या खेळातली मोठी लबाडी आहे. म्हणून आता आम्ही असं करतो: खेळाआधी पंच तीन संभाव्य जागांपैकी खरा उतार कोणता ते चिठ्ठीवर लिहून डबीत ठेवतो. कधी तो गावांसमोर असतो, कधी नसतो. स्वार पाठवा, एक फेरी घालवा, मग डबी उघडा.

प्रशियातही पुढे हेच झालं. नियम वाढत वाढत इतके झाले की खेळ कंटाळवाणा झाला, तेव्हा १८७६ मध्ये व्हर्डी दु व्हर्नुआ या सेनाधिकाऱ्यानं जवळजवळ सगळे तक्ते बाजूला सारले आणि सांगितलं, अनुभवी पंच ठरवेल. आम्हाला हे पूर्ण पटत नाही. अनुभवी पंच कसा असतो ते आम्ही त्या दिवशी आरशात बघितलंय. अंतर, वेग, गोळीचा पल्ला यात पंचानं हात घालू नये. जिथे नियम गप्प आहे तिथे त्यानं बोलावं, आणि कारण मोठ्यानं सांगावं.

असईत त्या दिवशी शब्दाचा अर्थ चुकल्यानं खरी माणसं मेली, हेही सांगून टाकतो. वेलस्लीच्या उजव्या टोकाला ऑरॉक नावाचा अधिकारी होता. त्याला हुकूम होता तो इतरांना रांगेत यायला जागा होईल एवढं उजवीकडे सरकण्याचा. तो सरकतच गेला, थेट असई गावाच्या तोफांपुढे. मागोमाग ७४ वी पलटण गेली आणि कापली गेली. त्या दिवशी इंग्रजांकडचे मेलेले-जखमी मिळून पंधराशेंच्या वर. किती सरकायचं हे हुकुमात नव्हतं; कशासाठी सरकायचं हे होतं.

मित्र आले का, असं मागून कोणीतरी विचारतंय. आले. चैत्रात, रविवारी सकाळी, हातात गुंडाळी. खेळणा आणि जुईच्या मधल्या पट्ट्याचा स्वतः काढलेला नकाशा, समोच्च रेषांसकट. टेबलावर पसरला, चष्मा पुसला आणि म्हणाले, "प्राध्यापक, खेळणेचं मिटलं असं धरू. आता जुईचे काठ बघा. खडे आहेत, पाणी कमी. तुमच्या नियमात याला नदी म्हणायचं की नाला?" त्यावरून आम्ही दीड वाजेपर्यंत भांडलो. जेवण थंड झालं. वहिनींनी शेवटी फोन करून विचारलं, हे जिवंत आहेत ना.